बिलावरची सही आणि सोळावा दिवस

हुंडी हरवली तर पूर्वी पेढीवाले तिची ‘पेठ’ देत, तीही हरवली तर ‘परपेठ’. आणि रक्कम चुकती झाली की हुंडीचा ‘खोका’ होई. एकाच देण्यापोटी पैसे दोनदा जाऊ नयेत, यासाठी हा सारा खटाटोप असे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योजकांच्या बिलांबाबत हाच पेच आता संगणकाकरवी सोडविला जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बिले वटविण्यासाठी ‘ट्रेड्स’ मंच उभे राहिले. एकच बिल दोन ठिकाणी वटू नये म्हणून २०१८ मध्ये तीन मंचांनी ब्लॉकचेन पद्धतीची सामाईक खातेवही स्वीकारली.

तिची रीत समजण्यास अवघड नाही. विक्रेता, खरेदीदार, रक्कम, तारीख असे तपशील भरून व्यवहाराचा मसुदा तयार होतो. त्यावरून गणिताने एक ठसा काढला जातो. मसुद्यातील एक आकडा बदलला तरी ठसा निराळा येतो. मंच परस्परांना बिल दाखवीत नाहीत, केवळ ठसा नोंदवितात. अशा खातेवह्यांत सही म्हणजे या ठशावर खासगी किल्लीने केलेले शिक्कामोर्तब. जोडीच्या जाहीर किल्लीने ते कोणालाही पडताळता येते. झालेली नोंद खोडता येत नाही, चूक दुरुस्त करावयाची तर उलट नोंदच करावी लागते. जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनास यात नवल वाटू नये. (किल्ली कोणती हे यंत्र सांगते, ती फिरविणारा हात कोणाचा हे नाही, लहान कारखान्यांत ती बहुधा हिशेबनिसाच्या खणात असते!)

तथापि बिलाला किंमत येते ती खरेदीदाराच्या सहीने. मोठ्या कंपनीने बिल मान्य केले की बँका बोली लावतात, कारखानदाराला पैसे मिळतात आणि पुढे कंपनीने पैसे थकविले तरी बोजा त्याच्यावर येत नाही. ही सोय मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु कंपनीने सहीच केली नाही तर? मग निर्दोष मसुदा तसाच पडून राहतो. भोसरीच्या कारखानदाराला मात्र कामगारांचा पगार, वीजबिल आणि पोलादाचे पैसे थोपविता येत नाहीत. त्या बिलावरचा वस्तू व सेवा करही वसुलीची वाट पाहत नाही.

वस्तुतः कायदा याबाबत स्पष्ट आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास तो पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे मानले जाते. लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. विलंबास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे. ते मागण्यास पुरवठादार कचरतो, कारण पुढची ऑर्डर त्याच कंपनीकडून यावयाची असते. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ‘ट्रेड्स’वर नाव नोंदविणे सक्तीचे झाले, पण नाव नोंदविणे म्हणजे बिल मान्य करणे नव्हे.

कायद्याने मानलेली ही मान्यता खातेवहीच्या नियमांतच का घालू नये? माल दारात उतरल्याची नोंद कंपनीच्याच दप्तरी असते. तिची तारीख मसुद्यात यावी. हरकत असेल तर ती कारणासह, सहीनिशी नोंदवावी. हरकत आली नाही तर सोळाव्या दिवशी बिल मान्य समजून बोलीसाठी खुले व्हावे. खरेदीदाराच्या सहीवाचून बँका दर चढा लावतील, हा आक्षेप रास्त आहे. पण आज सहीच होत नाही तेव्हा त्या बिलास कोणताच दर मिळत नाही. यासाठी नवा कायदा नको; रिझर्व्ह बँकेने आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारून आरंभ करता येईल.