आडवी बाटली, उभी बाटली आणि आपली मतदार यादी

बाबासाहेबांनी आपल्याला मताचा अधिकार दिला, हे वाक्य आपण दर 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. पुढे पाच वर्षांतून कधीतरी बोटाला शाई लावून घेतली की आपला अधिकार बजावून झाला, असे आपल्याला वाटते. पण याच महाराष्ट्रात असे एक मतदान आहे की ज्यात उमेदवार नाही, पक्ष नाही, झेंडा नाही. मतपत्रिकेवर दोनच चित्रे असतात. एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. दुकान चालू राहावे असे वाटत असेल तर उभी, बंद व्हावे असे वाटत असेल तर आडवी. आपल्या वस्तीतल्या प्रश्नावर, आपण स्वतः, कुणाच्याही मध्यस्थीशिवाय निकाल द्यायचा असे हे मतदान आहे. आणि नेमके याच मतदानात आपल्या आया-बहिणी जिंकूनही हरतात. कशा हरतात, ते चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका वस्तीतल्या महिला माझ्याकडे आल्या. देशी दारूचे दुकान, त्याच्या पलीकडे विहार, आणि पोरींचा शाळेत जायचा रस्ता त्याच दुकानावरून. धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या या बायका. रात्री जेवणखाण उरकून त्यांनी घरोघरी जाऊन सह्या जमवल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे घेतले. अर्ज झाला, पडताळणी झाली, मतदानही झाले. मोजणी झाली तेव्हा आडव्या बाटलीचा गठ्ठा उभ्या बाटलीच्या गठ्ठ्यापेक्षा कितीतरी मोठा होता. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. आणि दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीच्या वेळेला उघडले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या मावशींनी मला विचारले, "वकीलताई, आपुन जिकलो ना? मग दुकान उघडं कसं?"

मावशींना मी तेव्हा कायदा समजावून सांगितला. पण कायदा सांगताना माझीच मान खाली गेली होती. तोच कायदा आज वाचकांना सांगते.

मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 चा. त्याच्या आधारे राज्य सरकारने मार्च 2008 मध्ये एक आदेश काढला. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्के मतदारांनी, सह्यांचे निवेदन दिले की त्याची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतले जाते. इथपर्यंत सगळे ठीक. खरी मेख पुढे आहे. दुकान बंद व्हायचे असेल तर आडव्या बाटलीला 50 टक्क्यांपेक्षा जास्त मते पडली पाहिजेत, आणि ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीत नाव असलेल्या एकूण मतदारांच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त.

उदाहरण घेऊ. समजा वॉर्डात 1,000 महिला मतदार आहेत. त्यांतल्या 600 मतदानाला आल्या. 480 जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, 120 जणींनी उभ्या. कुणीही म्हणेल की बंदीवाल्या चौपट मतांनी जिंकल्या. कायदा म्हणतो, हरल्या! कारण 501 मते हवी होती. म्हणजे ज्या 400 जणी आल्याच नाहीत त्यांची मते कायद्याने न विचारता उभ्या बाटलीच्या पारड्यात टाकली. दुकानदाराला प्रचार करायची गरज नाही. बायका घरातून बाहेर पडल्या नाहीत की त्याचे काम झाले.

आणि न आलेल्या या 400 जणी कोण असतात? यादीत नाव आहे पण मरून चार वर्षे झाली, अशी एखादी आजी. लग्न होऊन जालन्याला नाहीतर परभणीला गेलेली मुलगी, जिचे नाव माहेरच्या यादीत तसेच राहिले. ऊसतोडीला नाहीतर पुण्याच्या बांधकामावर गेलेली बाई. पहाटे घर सोडणारी आणि एका दिवसाचा खाडा परवडत नाही अशी मोलकरीण. शिवाय नवऱ्याने, दिराने दम दिलेली बाई. मेलेल्या, गेलेल्या, राबणाऱ्या आणि दबलेल्या या सगळ्या बायकांची मते दारूच्या दुकानाच्या बाजूने मोजणाऱ्या कायद्याला न्याय म्हणायचे का?

हाच नियम दुसरीकडे लावून पाहा. नगरसेवकाला, आमदाराला, खासदाराला यादीतल्या निम्म्याहून अधिक मतदारांची मते लागतात का? अजिबात नाही. समोरच्यापेक्षा एक मत जास्त पडले की तो निवडून आला. आणि फक्त उमेदवारांचीच गोष्ट नाही. स्वतंत्र भारतात एका प्रदेशाचे भवितव्य थेट जनतेच्या कौलावर ठरले, तो गोव्याचा कौल आठवा. 16 जानेवारी 1967 रोजी गोवा, दमण आणि दीवच्या लोकांनी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे यावर मत दिले. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. दोन पानांना 1,72,191 मते पडली, फुलाला 1,38,170. यादीत मतदार होते सुमारे 3 लाख 88 हजार. म्हणजे जिंकणाऱ्या बाजूला यादीच्या 44 टक्केच मते होती. आडव्या बाटलीचा नियम तिथे लावला असता तर तो कौल नापास झाला असता! एका प्रदेशाचा नकाशा ठरवायला जे बहुमत पुरले, ते आमच्या गल्लीतले एक दारूचे दुकान हलवायला पुरत नाही.

आता आपल्या शहराकडे या. औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. महापालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि पुढचे मतदान झाले ते थेट 15 जानेवारी 2026 रोजी. जवळजवळ पावणेसहा वर्षे या शहराला नगरसेवक नव्हता. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी आले तरी कुणाच्या दारात जायचे ते लोकांना कळत नव्हते. निवडणूक झाली ती 29 प्रभागांत आणि 115 जागांसाठी, म्हणजे एकेका प्रभागात तीन-चार नगरसेवक. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. तिला 29 ने भागले तर एका प्रभागात सरासरी 40 हजार माणसे येतात. 2008 च्या आदेशात शब्द आहे 'वॉर्ड'. उद्या वॉर्ड म्हणजे हा अजस्र प्रभाग असा अर्थ लावला गेला, तर झोपडपट्टीतल्या बायकांनी हजारो सह्या आणि त्याच्या दुप्पट मते आणायची कुठून? ज्यांच्या बंगल्यासमोर दुकान नाही, ज्यांना त्याचा वास येत नाही, त्यांच्या दारात जाऊन मत मागायचे?

मार्च 2025 मध्ये विधानसभेत सरकारने जाहीर केले की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवे बिअर किंवा दारूचे दुकान काढायचे असेल तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगली गोष्ट आहे. महापालिका वॉर्डात झालेल्या मतदानाच्या 75 टक्के मते बंदीच्या बाजूने पडली तर दुकान बंद होईल, असेही तेव्हा सभागृहात सांगण्यात आले. न आलेल्या बाईचे मत विरोधात धरणार नसतील तर त्याचे स्वागत आहे, पण चारपैकी तीन मते ही अट तरी कुठल्या नगरसेवकाला लावली जाते? आणि यातला भेद पाहा. नोंदणी झालेल्या सोसायटीत राहणाऱ्यांना एका कागदावर नकार देता येतो. आमच्या वस्तीची सोसायटी नाही, सातबारा नाही, पीआर कार्ड नाही. म्हणून आमच्या आईला नकार द्यायला हजारो सह्या, पडताळणी, मतदान आणि मोजणी! ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याच्या 'नाही'ची किंमत जास्त आणि जिच्याकडे फक्त मत आहे तिच्या 'नाही'ची किंमत कमी. एक व्यक्ती, एक मत आणि एक मूल्य हे बाबासाहेबांचे सूत्र इथे कुठे गेले?

काही मित्र म्हणतील की दारूबंदी हा काही आंबेडकरी चळवळीचा प्रश्न नाही, बाबासाहेब स्वतः सरकारी दारूबंदीचे समर्थक नव्हते. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. 1951 च्या जाहीरनाम्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने दारूबंदी उठवून महसूल उभा करण्याची भूमिका घेतली होती. संविधान सभेत 24 नोव्हेंबर 1948 रोजी दारूबंदीच्या मार्गदर्शक तत्त्वावर चर्चा झाली, तेव्हा जयपाल सिंग यांनी आदिवासींच्या वतीने हरकत घेतली. ते तत्त्व राज्यांवर सक्तीचे नाही, असे बाबासाहेबांनी त्यांना समजावले. तेच तत्त्व आज अनुच्छेद 47 मध्ये आहे. सरकारने वरून लादलेली बंदी टिकत नाही, हे आपणही पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर 2015 मध्ये दारूबंदी आली आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. ज्या बायकांनी ती मिळवली, त्यांचा कौल उठवताना घेतला नाही.

पण उरलेले अर्धे खरे असे की त्याच बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंना पंचशील दिले आणि बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा घातली. सरकारने मारून मुटकून सोडायला लावणे वेगळे आणि माणसाने स्वतः ठरवून सोडणे वेगळे. आडव्या बाटलीचे मतदान या दुसऱ्या वाटेवरचे आहे. ते वरून आलेले नाही, वस्तीतून आलेले आहे. मात्र इथे आपल्यालाही आरशात पाहावे लागेल. सकाळी विहारात पाचवे शील म्हणायचे आणि रात्री जयंतीच्या मिरवणुकीत त्याच दुकानावरून येऊन नाचायचे, असे करणाऱ्यांना आया-बहिणींच्या मतदानात प्रचार करण्याचा अधिकार नाही.

थेट कौल म्हटला की सगळेच न्याय्य होते, असेही मी म्हणत नाही. स्वित्झर्लंडमध्ये ऊठसूट जनमत घेतात. तिथे स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताचा अधिकार द्यायचा की नाही, यावर 1959 मध्ये पुरुषांनी मतदान केले आणि तो अधिकार नाकारला. तो मिळायला 1971 साल उजाडले. आपल्याकडे 1951-52 च्या पहिल्याच निवडणुकीत मोलकरीण आणि मालकीण एका रांगेत उभ्या राहिल्या, कारण हा हक्क कुणाच्या बहुमतावर सोडला नव्हता. बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढेच प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. आणि आपल्या मराठवाड्याला हे कुणी सांगायला नको. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गावोगावी आपली घरे जळाली. त्या वेळी गावागावांत जनमत घेतले असते तर काय झाले असते? 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार पाहायला मी शाळकरी वयात वडिलांचे बोट धरून गेले होते. तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की आहे. माणसाचा हक्क मताला टाकायचा नसतो. दारूचे दुकान हा मात्र कुणाचा मूलभूत हक्क नाही, तो सरकारने दिलेला परवाना आहे. परवान्यावर वस्तीने मत देणे ही लोकशाहीच आहे.

मग करायचे काय? सरकारकडे मागणी तीन गोष्टींची. निकाल झालेल्या मतदानाच्या साध्या बहुमतावर लागावा, हवी तर किमान मतदानाची अट घाला. मतदान सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी उशिरापर्यंत व्हावे. आणि वॉर्ड म्हणजे अख्खा प्रभाग नव्हे, तर दुकानाच्या भोवतालच्या मतदान केंद्रांचा भाग असे स्पष्ट लिहावे. यासाठी निवेदने द्या, आमदाराला प्रश्न विचारायला लावा, गरज पडली तर खंडपीठात जाऊ.

पण कायदा बदलेपर्यंतचे काम आपल्या हातात आहे. वस्तीची मतदार यादी विहारात आणा आणि एकेक नाव वाचा. मयत आणि कायमच्या गेलेल्यांसाठी नमुना 7, पत्ता किंवा नाव दुरुस्त करायला नमुना 8, नव्या नावासाठी नमुना 6. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला आता जानेवारीची वाट पाहायची गरज नाही, वर्षातून चार तारखा आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. मात्र जिवंत बाईचे नाव कुणी परस्पर उडवत नाही ना, यावरही डोळा ठेवा. यादीतले एक मयत नाव कमी झाले की उभ्या बाटलीचे एक फुकटचे मत कमी झाले. हीच यादी पुढे महापालिकेलाही कामाला येते आणि विधानसभेलाही.

त्या मावशी आता थकल्या आहेत, पण अजून विचारतात, "परत कधी घ्यायचं मतदान?" पुढच्या वेळी मोजणी झाल्यावर त्यांना कायदा समजावून सांगण्याची पाळी माझ्यावर येऊ नये. त्यासाठी येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर उठून जाऊ नका. यादी घेऊन बसा.

जय भीम!