सुकापूरमध्ये अक्षरं किती?

गेल्या शनिवारी आमच्या सुकापूरच्या सोसायटीत एक फजिती झाली. माझीच. मेंटेनन्सच्या पावत्यांसाठी मी हौसेनं एक छोटा प्रोग्राम लिहून दिलाय. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा नोटीस बोर्डावरची यादी बघून थेट दारात! "अरे, मी पैसे केव्हाच भरलेत, आणि तुझा कॉम्प्युटर मला थकबाकीदार म्हणतो?"

यादीत त्यांचं नाव दोनदा होतं. एकापुढे पैसे जमा, दुसऱ्यापुढे शून्य. आणि दोन्ही नावं दिसायला हुबेहूब सारखी!

खापर मी आधी त्यांच्या आडनावातल्या 'ऱ्ह'वर फोडलं. आता बघा, 'कऱ्हाड' हा शब्द युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो. अख्खा 'ऱ' वापरून, साध्या 'र'ला नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना तिन्ही एकच, पण जावाच्या इक्वल्सला तीन वेगळे शब्द. जावा 6 पासून मिळणारा नॉर्मलायझर पहिल्या दोघांना एक करतो. तिसऱ्याची सोय आपणच करायची.

आमच्या गावाचंच नाव घ्या. 'सुकापूर' मध्ये अक्षरं किती? शाळेतलं पोरगंही चार म्हणेल. जावा म्हणते 7, कारण ती काना आणि उकारही वेगळे मोजते. यूटीएफ-8 मध्ये बाइट भरतात 21. स्विफ्टला विचारा, ती मात्र पोरासारखंच 4 सांगते. पहिली पाच 'अक्षरं' कापा, की उरतं 'सुकाप'. उलटं करा, तर 'रूपाकुस'! सगळ्या मात्रा भलत्याच्याच गळ्यात.

आता तुम्ही म्हणाल, मग चार युटिलिटी फंक्शन्स लिही की! तीच तर माझी चूक होती. फंक्शन होतं, पण फॉर्म भरताना ते वापरलं आणि एक्सेल शीट आत घेताना विसरलो. नाव म्हणजे नुसती स्ट्रिंग असेल, तर प्रत्येक ठिकाणी प्रत्येकानं आठवण ठेवायची. शुक्रवारी संध्याकाळी कुणाला आठवतं?

माझं मत साधं आहे. माणसाच्या नावाचा स्वतंत्र क्लास करा. जावात स्ट्रिंग फायनल आहे, तिला एक्स्टेंड करता येत नाही, आणि ते बरंच आहे. स्ट्रिंग क्लासच्या पोटात प्रायव्हेट ठेवा. कन्स्ट्रक्टरमध्येच तिन्ही 'ऱ' एक करून घ्या. दोन नावं सारखी आहेत का, अक्षरं किती, कुठे कापायचं, हे सगळं त्या नावालाच विचारा. बाहेरच्यानं आत हात घालायचा नाही.

याचा आणखी एक फायदा. 'अक्षर' कशाला म्हणायचं हे युनिकोडलाही एकदम ठरवता आलं नाही. 2023 साली आलेल्या 15.1 आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला. त्याआधीच्या हिशोबानं 'कऱ्हाड' चार तुकड्यांचं, आता तीन. उद्या पुन्हा काही बदललं, तर एकच क्लास बदलायचा.

चार ओळींच्या स्क्रिप्टला हा थाट नको, मान्य. पण जिथे नावामागे माणूस आहे, तिथे हवाच.

असो. रविवारी क्लास लिहिला, यादी नव्यानं छापली. आजोबांनी चष्मा लावून स्वतःचं नाव शोधलं, एकदाच सापडलं. "झालं का हे आधी?" म्हणाले. आणि चहा पाजला.