डिजिटल बिझनेसच्या एमबीएसाठी वावर विकू नका, पण पोरीला शिकू द्या



दोन दिवस उघाड मिळाली, सोयाबीनमध्ये डवरा फिरवून घेतला. संत्र्यात आंबियाची फळगळ सुरू आहे, त्यावर लिहा असं काही जण म्हणत होते. ते पुढच्या खेपेला. आज घरातला विषय लिहितो, कारण माझ्या अंदाजानं तो तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरातही असणार.

माझी पोरगी बी.कॉम. झाली. आता तिला एमबीए करायचं आहे, तेही डिजिटल बिझनेसमध्ये. मी दहावी पास माणूस. मला वाटलं, मोबाईलवर जाहिराती टाकायचं शिकवत असतील. एका खासगी कॉलेजच्या साहेबांचा फोन आला, "काका, डिजिटलला फार डिमांड आहे, मॅनेजमेंट कोट्यातून सीट देतो, दोन वर्षांचे अकरा लाख." धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, रस्त्याकडचा अर्धा एकर देऊन टाक, नाहीतरी लेआउटवाले रोज येऊन ऱ्हायले." घरचीचं म्हणणं, शिकलीच पाहिजे. मी चार दिवस नीट झोपलो नाही.

मग जुनी वही काढली.

तीन वर्षांआधी मृगाच्या बहाराची 60 पेटी संत्रा आम्ही थेट पुण्याच्या गिऱ्हाइकांना पाठवली होती. दहा किलोची पेटी, घरपोच 600 रुपये. बगीचा पाहायला आलेला व्यापारी तेव्हा 25 रुपये किलोनं मागत होता. मी गावभर सांगत फिरलो की आपण साठच्या भावानं संत्रा विकला. 14 पेट्या सडून पोचल्या, त्यांचे पैसे परत केले, तरी मला वाटे आपण फायद्यातच आहो. पोरीनं एक दिवस वहीवर हिशोब मांडला. 36,000 आले. 8,400 परत गेले. खोक्यांचे 2,700. वाहतुकीचे 10,800. हाती 14,100, म्हणजे किलोला साडेतेवीस. तोडणी-भराईची मजुरी त्यात धरलीच नव्हती. व्यापाऱ्याकडं तोडणी त्याची असते.

मी म्हणालो, "मंग बंद करू हे." ती म्हणाली, "थांबा बाबा, सडलेल्या पेट्या कोणत्या दिवशी निघाल्या ते पाहू." पावत्या काढल्या. 14 पैकी 11 शुक्रवारी निघालेल्या. शनिवार-रविवार गोदामात पडून राहिल्या आणि उबल्या. पुढच्या वर्षी सोमवार-मंगळवारशिवाय माल काढला नाही. 40 पेट्या गेल्या, 2 खराब निघाल्या.

आता मला विचाराल तर डिजिटल बिझनेस म्हणजे हेच. मोबाईल हे नुसतं औत. मालाची, पैशाची आणि गिऱ्हाइकाची नोंद ठेवणं, त्या नोंदीतून कुठं गळती आहे ते शोधणं, आणि न पाहिलेल्या माणसानं आपल्यावर भरवसा ठेवून आधी पैसे टाकावे अशी व्यवस्था उभी करणं, ही खरी विद्या. आपण उभा बगीचा विकतो तेव्हा फळं कोण मोजते? व्यापारी मोजते. चुरी किती निघेल याचा अंदाजही त्याचाच. माहिती त्याच्याकडं, म्हणून भावही त्याच्या हातात.

आणि ही विद्या आपल्या बाजूच्याच मुलखात वापरून झाली आहे. आयटीसी कंपनीनं 2000 साली मध्य प्रदेशात ई-चौपाल सुरू केली ती सोयाबीनसाठीच. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी कॉम्प्युटर ठेवला, त्याला संचालक म्हणायचे. भाव घरबसल्या आधी कळायचा. पटला तर माल कंपनीच्या केंद्रावर, नाही तर मंडीचा रस्ता मोकळा. केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काटा. कंपनीनं हे काही पुण्य म्हणून केलं नाही, मधला खर्च वाचला म्हणून केलं. पण गाडी भरून मंडीत नेल्यावर माल परत आणता येत नाही ही शेतकऱ्याची अडचण त्यांनी ओळखली आणि तिथं हात घातला. ही गोष्ट जगभरच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवतात म्हणे. आपल्याला मात्र ती कोणी सांगितली नाही.

14 एप्रिल 2016 ला ई-नाम आलं. कागदावर देशभरचा व्यापारी आपल्या मालावर बोली लावू शकतो. पण हातात घेऊन, सोलून पाहिल्याशिवाय संत्र्याला पूर्ण भाव कोण देईल? मी तर देणार नाही. त्यासाठी प्रतवारी अशी पाहिजे की दिल्लीचा व्यापारी डोळे मिटून मान्य करेल. ॲप बनवणारे भरपूर आहेत, हा प्रश्न सोडवणारा पाहिजे. नागपुरात एका टोकाला मिहानमध्ये आयआयएमचा मोठा कॅम्पस आहे (2015 ला व्हीएनआयटीच्या आवारात सुरू झालं होतं), दुसऱ्या टोकाला कळमना मार्केट. मला कोणी विचारणार नाही, तरी सांगतो. डिजिटल बिझनेस शिकणाऱ्या नागपूरच्या प्रत्येक पोराला, कॉलेज कोणतंही असो, संत्र्याच्या हंगामात महिनाभर कळमन्यात पहाटे उभं करा. टॅक्सी आणि जेवण पोचवणाऱ्या कंपन्यांचेच दाखले शिकून आलेलं पोर आपल्याकडं येऊन आपल्यालाच ॲप विकते.

मागच्या कापूस हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी लागली. आमच्या ओट्यावर रांग. पोरीनं 31 जणांची नोंदणी करून दिली. कोणाचा नंबर बंद, कोणाच्या सातबाऱ्यावर नाव वेगळं, कोणाला ओटीपी सांगायची भीती. लांब धाग्याचा हमीभाव 8,110 होता, म्हणजे एक आकडा चुकला तर माणसाचा किती तोटा ते तुम्हीच पाहा. एका म्हाताऱ्या मामांनी तिला विचारलं, "बाई, हा फोटो काढला तं कापूस गेला काय माहा?" ती हसली नाही. नीट बसून समजावलं. ते पाहून मी ठरवलं, हिला शिकवायचं.

पण वावर विकून नाही. मी आठवडाभर चौकशी केली, ती तुमच्याही कामी येईल.

महाराष्ट्रात एमबीएसाठी सीईटी होते, तिच्या मार्कांवर सरकारी कॅप फेरीतून सीट मिळते. पोरीनं सीईटी दिलेली आहे. 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीच्या मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यात घेतला की ही सवलत गेली. फोनवरच्या साहेबांनी हे सांगितलं नाही, आणि मीही तेव्हा विचारलं नाही. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी बिनतारण, बिनजामीन कर्ज मिळते. म्हणून बँकेत सातबारा ठेवायच्या आधी आपली संस्था त्या यादीत आहे का ते पाहा.

दुसरं, डिग्री कोणाची ते विचारा. एमबीए विद्यापीठ देते, पीजीडीएम संस्था देते. एआयसीटीईची मान्यता चालू वर्षाची दाखवा म्हणा. ऑनलाइन असेल तर यूजीसीच्या यादीत नाव पाहिजे. आणि 'डिजिटल बिझनेस' हे नाव डिग्रीच्या कागदावर छापून येणार की नुसतं पोस्टरवर आहे? मी फोन करून हे विचारलं तर साहेब म्हणाले, मीटिंगमध्ये आहे. अजून मीटिंग संपली नाही.

खरं सांगायचं तर कॅपमधून तिला डिजिटल बिझनेस नावाचा कोर्स कदाचित मिळणार नाही, साधी मार्केटिंग किंवा ऑपरेशन्सची एमबीए मिळेल. ती थोडी नाराज आहे. मी म्हटलं, हिशोब आणि पुरवठा तिथंही शिकवतात, बाकीचं तू 60 पेट्यांवर शिकलीच आहे. तिला ते पूर्ण पटलेलं नाही, आणि तिचंही काही चूक नाही. तिच्या मैत्रिणी मोठ्या नावाच्या कोर्सला जाऊन राहिल्या. भाऊही अजून म्हणते की मी कंजूषपणा करतो.

मंगळवारी कागदपत्र पडताळणीला नागपूरला जातो आहो. उत्पन्नाचा दाखला मिळाला, नॉन-क्रीमी लेयरचा उद्या येईल म्हणाले. कोणाच्या मुलीनं मागच्या वर्षी कॅपमधून एमबीएला प्रवेश घेतला असेल तर फी माफीचा अनुभव सांगा, महाविद्यालयानं आधी पूर्ण फी मागितली होती का तेवढं विशेष. येताना मोरचूद आणि चुना आणतो, मग फळगळीवर लिहितो.