कुलूप भक्कम, किल्ली पायपुसण्याखाली

‘फाइल एन्क्रिप्ट केलीये, आता टेन्शन नाही’ असं कुणी म्हटलं की मला टेन्शन येतं. आपल्याकडे सगळी चर्चा कुलपाची. किल्ली कुठे ठेवलीस, हे कुणीच विचारत नाही.

मी मुलाखती घेते. नाव छापायचं नाही, या अटीवर लोक बोलतात. त्यांचे शब्द म्हणजे माझ्याकडे ठेवलेली ठेव. म्हणून ‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ हा प्रश्न मला उर्मट वाटतो. तुझं काही नसेल. पण मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेलं काहीतरी तुझ्याही फोनमध्ये असेलच ना?

लॅपटॉपवर लिहिणारे बरेच जण विम किंवा ईमॅक्स हे टेक्स्ट एडिटर वापरतात आणि फाइली जीपीजी या मोफत अवजाराने बंद करतात. इथवर उत्तम. पण वीज गेली तर मजकूर बुडू नये म्हणून एडिटर गुपचूप एक प्रत लिहून ठेवत असतो. बंद फाइल उघडल्यावर ही सोय थांबवली नसेल, तर तुमचं गुपित उघड्या अक्षरांत डिस्कवर पडतं. मग कुलूप कितीही महागडं असो.

विमची स्वतःची पासवर्डची सोयही डोळे झाकून वापरू नका. तिची मूळ पद्धत कमकुवत होती. २०१० मध्ये ब्लोफिश आली, तिच्यातही दोष निघाला आणि २०१४ मध्ये ब्लोफिश-२ आणावी लागली. निओविमवाल्यांनी तर ही सोयच काढून टाकली.

ईमॅक्सची व्यवस्था मला पटते. २००९ च्या २३व्या आवृत्तीपासून त्यात ईझीपीजी आहे. जीपीजी फाइलींपुरतं आपोआप सेव्ह होणं ते मुळातच बंद ठेवतं. पासफ्रेज, म्हणजे अनेक शब्दांचा लांबलचक पासवर्ड, विचारायला पिनएंट्री नावाची वेगळी खिडकी असते. जीपीजी-एजंट तो शेवटच्या वापरानंतर १० मिनिटं लक्षात ठेवतो आणि कितीही वापरलात तरी २ तासांनी विसरतो. लिहिण्याच्या खिडकीने किल्लीला हात लावायचा नाही, एवढं साधं तत्त्व आहे हे.

आणि आपण काय करतो? ‘सारखं सारखं विचारतं, वैताग येतो’ म्हणून मुदत दिवसभराची करतो. पासफ्रेज सेटिंगच्या फाइलीत लिहितो, टर्मिनलच्या कमांडमध्ये टाकतो. ती हिस्टरीत जाऊन बसते. फोनवर तर स्वतःलाच व्हॉट्सॲप करतो. याला सोय म्हणू नका, हा आळस आहे. आणि त्याची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते.

पासफ्रेज म्हणून आवडत्या अभंगाची ओळही नको. जे छापून आलंय, ते फोडणाऱ्याच्या यादीतही येऊ शकतं. १९९५ पासून डाइसवेअर ही पद्धत आहे: ५ फासे टाका, ७,७७६ शब्दांच्या यादीतला त्या आकड्याचा शब्द घ्या, असे ६ शब्द जमवा. निवड फाशांवर सोडा, कारण माणसाचं मन फार अंदाज बांधता येण्यासारखं असतं.

मग ते शब्द कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. हसू नका. कागद इंटरनेटला जोडलेला नसतो, आणि जीपीजीत ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नसतं.

यापुढे कुणी एन्क्रिप्शनची बढाई मारली तर दोनच प्रश्न विचारा: पासफ्रेज कुठे आहे? आणि उघड्या मजकुराच्या प्रती किती आहेत? उत्तर देताना जो अडखळेल, त्याला आपलं गुपित सांगू नका.