गादीच्या जाहिरातीत न मावणारी झोप

दूरचित्रवाणी लावा वा मोबाइल उघडा, गादीची जाहिरात हमखास समोर येते. वातानुकूलित शयनगृह, पांढरीशुभ्र चादर, दहा वर्षांची हमी आणि 'शंभर रात्री वापरून पाहा' असे आश्वासन. बेंगळुरूच्या वेकफिट कंपनीने तर २०१९ मध्ये शंभर रात्री रोज नऊ तास झोपणाऱ्यास एक लाख रुपये देऊ केले होते. झोप गादीतच भरलेली असते आणि ती विकत घेता येते, हा या प्रचाराचा गाभा. धुळे जिल्ह्यातील साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी तो कितपत खरा ठरतो, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा सहज चाळिशी ओलांडतो. अशा हवेत अंगणात टाकलेली सुंभाची वा नवारीची खाट हे केवळ दारिद्र्याचे लक्षण नव्हे. तिच्या विणीतून खालूनही वारा खेळतो, सैल झाली की ती पुन्हा ताणता येते आणि सकाळी भिंतीशी उभी केली की जागा मोकळी होते. शिवाय मण्यारीसारखा विषारी साप बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसालाच दंश करतो. म्हणून जमिनीपासून हात-दीड हात उंच निजण्याला शेतवस्तीवर फार मोल आहे. याउलट फोम उष्णता धरून ठेवतो. बंद खोली आणि वातानुकूलन यंत्र गृहीत धरलेली ही गादी पत्र्याच्या घरात मे महिन्यात सुखद ठरेलच असे नाही.

खानदेश हा कापसाचा मुलूख. येथील कापसाची गादी दबली, तिच्यात गाठी झाल्या की पिंजाऱ्याकडून रुई पिंजून ती पुन्हा भरून घेता येते. उन्हात टाकली की दमटपणा जातो. फोमची गादी एकदा बसली की तिला दुरुस्ती नाही, ती टाकूनच द्यावी लागते. कापूस पिकवणाऱ्या घराने फोम विकत घ्यावा आणि पिंजाऱ्याचा धंदा मात्र बसावा, ही विसंगती जाहिरातीत दिसत नाही.

अर्थात, जुने ते सारे सोने असेही मानण्याचे कारण नाही. पाठदुखीला कठीण अंथरुणच हितकर, ही आपल्याकडील रूढ समजूत. स्पेनमधील ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र जुनाट कंबरदुखीला कठीण गादीपेक्षा मध्यम कठीण गादीने अधिक आराम पडल्याचे आढळले. म्हणजे मऊपणाची जाहिरात जशी अपुरी, तशी कठीणपणाची परंपराही.

सुखाच्या कल्पना प्रदेशागणिक बदलतात. जपानी कुटुंबात फुतोन रात्री जमिनीवर पसरतात आणि सकाळी घडी घालून कपाटात ठेवतात. आज चैनीची समजली जाणारी मेमरी फोमची गादी ज्यापासून निघाली, तो फोम १९६६ मध्ये 'नासा'साठी विमानातील आसनांकरिता तयार झाला. आणि आपण अडगळीत टाकलेली खाट २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात ९९० डॉलरला, म्हणजे सुमारे पन्नास हजार रुपयांना, विक्रीस होती! वस्तू तीच, केवळ जाहिरात बदलली की तिची प्रतिष्ठा बदलते.

मूळ प्रश्न याहून गंभीर आहे. महाराष्ट्रात शेतीपंपांना वर्षानुवर्षे काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री अशी पाळीने वीज मिळत आली. पिकाला पाणी भरण्यासाठी जो शेतकरी मध्यरात्री बांधावर उभा असतो, त्याची झोप कोणत्या गादीने परत मिळणार? साक्री तालुक्यातच शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. पुढे २०१७ मध्ये शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. अशी योजना जेथे प्रत्यक्ष वावरात पोहोचेल, तेथे ती कोणत्याही गादीपेक्षा अधिक झोप देईल.

शहरी वाचकानेही गादी घेताना हमीची वर्षे मोजण्याआधी आपली खोली किती तापते, वारा कोठून येतो आणि गादी बिघडल्यास दुरुस्त होईल काय, हे पाहावे. उष्णता, कामाच्या वेळा आणि घराची रचना यांवर झोप अवलंबून असते. यांतले काहीच न बदलता केवळ गादी बदलली, तर हप्ते तेवढे मागे लागतील.