अर्ज भरण्याआधी तीन कॅम्पस बघा. चौदा नकोत.

पोस्ट मोठी आहे आणि काहींना झोंबणार आहे. अमेरिकेत ज्यांची मुलं सध्या सोफोमोर किंवा ज्युनियर आहेत, त्यांनी चहा घेऊन बसा.

गेल्या शनिवारी एका मुंजीत जेवताना विषय निघालाच. "तुमची किती कॉलेजं बघून झाली?" एक जण म्हणाले, नऊ. समोरच्या ताई म्हणाल्या, चौदा, आणि कॅलिफोर्निया अजून बाकी आहे. टेबलावरच्या सगळ्यांनी त्यांच्याकडे चारधाम करून आलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. मी गप्प बसले, कारण तीन वर्षांपूर्वी असंच मी सांगत होते. आमची अकरा झाली होती.

आता तेव्हा बोलले नाही ते इथे बोलते. अर्ज करण्याआधी अकरा, चौदा कॅम्पस बघणं हा मुलांसाठी केलेला खर्च नाही. तो आपल्या मनाच्या समाधानासाठी आणि मुंजीतल्या टेबलासाठी केलेला खर्च आहे. तीन पुरेत, आणि तीही घराजवळची.

आमच्या अकरांचं सांगते. दोन उन्हाळे, दोन्ही वेळा जुलै. आम्ही दोघं, लेक, धाकटा, आणि दुसऱ्या वर्षी सांगलीहून आलेल्या सासूबाई. गाडी, विमान, हॉटेल, बाहेरचं खाणं धरून साडेपाच हजार डॉलर गेले. त्यात बघितलं काय? उलटं चालत बोलणारा एक हसरा मुलगा किंवा मुलगी, निळ्या दिव्याचे इमर्जन्सी फोन, लायब्ररीचा तो "इथे कुणी बोलत नाही" मजला, परीक्षेआधी ज्याच्या पायाला हात लावतात तो पुतळा, आणि कुणीच राहत नसलेली, सजवून ठेवलेली डॉर्मची एक खोली. पाचव्या कॉलेजनंतर फोटो बघूनसुद्धा आम्हाला कुठलं कोणतं ते सांगता येईना. त्या सगळ्या दौऱ्यात शहाणा प्रश्न एकच विचारला गेला, तो सासूबाईंनी: "अगं, पण इथं पोरं कुठायत?"

पोरं जुलैत घरी असतात. आपण रिकाम्या इमारती बघायला गेलो होतो.

पण पैसे आणि पुतळे यांच्यापेक्षा वाईट गोष्ट पुढे झाली. सातव्या ठिकाणी लेक हरखली. पूल, झाडी, दगडी इमारती, सगळंच सुंदर. पुलावरचा स्वतःचा फोटो तिने फोनवर वॉलपेपर म्हणून लावला, आणि आम्हीही येताना गाडीत "तू इथे शोभशील" वगैरे बोललो. घरी आल्यावर, दोन महिन्यांनी, नवऱ्याने पहिल्यांदा त्या कॉलेजच्या वेबसाइटवर आमचे आकडे भरले. जो आकडा आला तो दर वर्षी चार वर्षं भरायचा म्हणजे घर पुन्हा गहाण टाकायचं होतं. तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी वॉलपेपर बदललेला होता. ते बघून मला जे वाटलं ते तुम्हाला वाटू नये, म्हणून ही पोस्ट.

तो आकडा दोन महिने आधी कळू शकला असता. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला २०११ पासून आपल्या वेबसाइटवर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न समोर घेऊन बसा, वीस मिनिटांत अंदाज येतो. स्वतःचा धंदा असेल तर अंदाज कच्चा निघू शकतो. आणि पुण्यात किंवा ठाण्यात भाड्याने दिलेला फ्लॅट असेल तर तोही मालमत्तेत धरावा लागतो, इकडे कुणाला काय कळणार म्हणून वगळू नका.

एच-वन बी वाल्यांनो, तुमच्यासाठी तर हे अजून महत्त्वाचं. मुलं एच-फोरवर असतील तर त्यांना फाफ्साची सरकारी मदत मिळत नाही. कॅल्क्युलेटर बहुतेक करून सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात, त्यामुळे त्यातला आकडा तुमचा नव्हे. बरीच कॉलेजं एच-फोरच्या मुलांना आर्थिक मदतीसाठी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात, मग ती इथल्या केजीपासून शिकलेली का असेनात. सरकारी युनिव्हर्सिटीत राज्यातल्यांची फी लागेल की बाहेरच्यांची, याचे नियम राज्यागणिक वेगळे. शिवाय एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो, म्हणजे शिक्षणाच्या मध्येच स्टेटस बदलायचं. यातला एकही प्रश्न उलटं चालणाऱ्या पोराला विचारून सुटत नाही. त्याला एक ईमेल लागते, फायनान्शियल एड ऑफिसला, आणि ती फुकट आहे.

मग आपण इतके हिंडतो का? मला वाटतं, आपल्याला कुणी हिंडवलं नाही म्हणून. बारावीच्या पीसीएमच्या टक्क्यांवर जे मिळालं ते कॉलेज. आपण कॉलेज बघायला गेलोच नव्हतो, फळ्यावरच्या यादीत नाव बघायला गेलो होतो. ते मुलांच्या वाट्याला येऊ नये असं वाटणं चुकीचं नाही. पण मुलांना निवड करू देणं वेगळं आणि चौदा ठिकाणी नेऊन दमवणं वेगळं. आमची लेक आठव्या ठिकाणी गाडीतून उतरायलाच तयार नव्हती, आणि मी तिला "आम्हाला असं कुणी आणलं नाही" हे वाक्य ऐकवलं होतं. त्याची अजून लाज वाटते.

तीन म्हणजे कुठली तीन? नाव बघून नाही, प्रकार बघून. एक मोठं, एक छोटं, एक शहरातलं. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो, म्हणून आमचं उदाहरण देते. रटगर्सला जा: रारिटन नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले कॅम्पस, एका तासावरून दुसऱ्या तासाला जायला बस पकडायची. मुलाला ती गर्दी आवडते की छातीवर दडपण येतं ते अर्ध्या तासात दिसतं. मग स्वार्थमोरला जा, सगळं कॉलेज मिळून सुमारे १,७०० विद्यार्थी, आपल्या मुलांच्या काही हायस्कूलांपेक्षा लहान. आणि तिथून जवळच फिलाडेल्फियात ड्रेक्सेल, जिथे रस्ता ओलांडला की शहर, आणि शिकता शिकता सहा-सहा महिने नोकरी करण्याची को-ऑपची पद्धत. दोन दिवस आणि एक टाकी पेट्रोल. या तिघांपैकी एकातही अर्ज करायचा नसला तरी चालेल. मुलाला स्वतःबद्दल जे कळायचं ते कळतं, आणि त्या प्रकारची बाकी कॉलेजं घरी बसून ओळखता येतात. तुम्ही डॅलसला असा की शिकागोला, असे तीन प्रकार तुमच्याही आसपास सापडतील.

फक्त शाळा चालू असताना जा. बरीच हायस्कूलं ज्युनियर-सीनियरना कॉलेज बघायला सुट्टी मंजूर करतात, काउन्सेलरला विचारा. टूर संपली की मुलाला एकट्याला डायनिंग हॉलमध्ये सोडा आणि तुम्ही गाडीत बसा. होय, गाडीतच.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, "अहो, पण भेट दिली नाही तर कॉलेजला वाटतं मुलाला इंटरेस्ट नाही." काही ठिकाणी हे खरं आहे, पण कुठे ते ओळखता येतं. कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' टाकून शोधा. त्यातल्या सी-सेव्हन तक्त्यात 'अर्जदाराने दाखवलेला रस' अशी ओळ असते, आणि तिला किती वजन देतो ते कॉलेजने स्वतः लिहिलेलं असतं. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी तिथे चक्क 'विचारात घेत नाही' असं लिहितात. आणि आपण सगळ्यात जास्त विमानं पकडतो ती यांच्याचसाठी! जिथे वजन देतात, तिथे ऑनलाइन माहिती सत्राला मुलाने स्वतःच्या ईमेलने नाव नोंदवलं तर सहसा त्याचीही नोंद होते. तुमच्या नाही, मुलाच्या ईमेलने.

अपवाद एकच मानते: अर्ली डिसिजन. तिथे मूल, पालक आणि काउन्सेलर तिघं सही करतात आणि प्रवेश मिळाला तर जावं लागतं. असा अर्ज करायचा असेल तर आधी आकडे बघा, मग त्या एका कॉलेजला जरूर जा. न बघता लग्न ठरवू नका.

बाकीच्यांना एप्रिल आहे. समजा बारा ठिकाणी अर्ज केला आणि पाच ठिकाणी मिळालं, तर आधी बघितलेली सात वाया गेली ना? मार्चअखेरीस निकाल येतात, सोबत मदतीचं पत्र येतं, आणि १ मेपर्यंत बहुतेक कॉलेजं उत्तर मागतात. त्या महिन्यात परवडणारी दोन-तीन बघा. तेव्हा कॉलेजच मुलाला गळ घालत असतं, आणि मूल फार वेगळ्या नजरेने बघतं.

लेक सध्या अकरांपैकी एकातही नाही. आम्ही कधी बघायला न गेलेल्या, घरापासून चाळीस मिनिटांवरच्या ठिकाणी ती शिकते आणि रविवारी डबा न्यायला येते.

धाकटा आता ज्युनियर आहे. आकडे भरून झालेत. ऑक्टोबरातला एक मंगळवार-बुधवार ठरवलाय. सासूबाई पुन्हा आल्या आहेत आणि या वेळी पोरं दिसणार म्हटल्यावर त्याही येणार आहेत.