तरतूद परत फिरण्याची

मित्रांनी मिळून होडी भाड्याने घ्यावी आणि तांबोशीसाठी समुद्रात गळ टाकावेत, हा बेत कोकण किनाऱ्यावर सहज आखता येतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. तो काळ वगळावा. तांबोशी खडकाळ तळाशी वावरते, म्हणून अशा जागा जाणणारा तांडेल निवडावा. भाडे, इंधन, आमिष यांचा खर्च समान वाटून आधीच जमा करावा. लाईफ जॅकेट माणशी एक आहे ना, हे स्वतः मोजून पाहावे.

या अंदाजपत्रकात एक बाब मात्र बहुधा राहून जाते. हवा बिघडल्यामुळे तांडेलाने नकार दिला, की ‘पैसे भरले आहेत’ म्हणून त्यास आग्रह होतो. माझ्या मते खरा धोका येथेच आहे. दिलेल्या विसारासाठी जीव पणास लावणे हा कोणता हिशेब? फेरी रद्द झाल्यास विसार सोडून देण्याचे सर्वांनी निघण्यापूर्वीच मान्य करावे. दुर्घटना घडली नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला, असे आपण म्हणत नाही. हा विसारही तसाच मानावा आणि समुद्राबाबतचा अंतिम निर्णय तांडेलावरच सोपवावा.